गोदामातून फळीपर्यंत : नव्या सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकानात माल भरण्याची घडी कशी बसवावी

काउंटरमागून वाणसामान देणाऱ्या दुकानात एखादी वस्तू संपली की ते लगेच कळते, कारण गिऱ्हाईक ती तोंडाने मागते. समोरच्या फळीवर ती नसली तरी "थांबा, आतून देतो" असे म्हणून दुकानदार वेळ मारून नेतो. सेल्फ-सर्व्हिस दुकानात मात्र गिऱ्हाईक रॅकपाशी येते, रिकामी जागा पाहते आणि काही न बोलता पुढे सरकते. तालुक्याच्या गावातील वडिलांचे काउंटरचे दुकान आम्ही मोकळ्या रॅकचे केले, तेव्हा हा फरक ध्यानात यायला आम्हाला जवळजवळ सहा महिने लागले. तोवर कमी विक्रीचा दोष आम्ही कधी पावसाला, कधी हमरस्त्यावरच्या नव्या दुकानाला देत राहिलो आणि वितरकांकडून आणखी माल मागवत राहिलो. परिणाम असा झाला की गोदाम गच्च भरले आणि दुकानातील फळ्या तशाच अर्ध्या रिकाम्या राहिल्या.

साधारण आठशे ते दोन हजार चौरस फुटांचे दुकान, मागे गोदाम किंवा वर माळा आणि मालकासह पाच-सहा माणसे, अशी ज्यांची बैठक आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एकदा मी बिस्किटांच्या एका खोक्यामागे वही घेऊन फिरलो. ते टेम्पोतून ओट्यावर, ओट्यावरून दारात, दारातून गोदामात, तिथे दुसऱ्या थप्पीखाली, दोन दिवसांनी थप्पी उकरून बाहेर, मग दुकानात असे हिंडले आणि निम्मे पुडे फळीवर न मावल्यामुळे पुन्हा गोदामात गेले. त्यावर मिळणारा नफा आणि त्याला लागलेले हात यांचा ताळमेळ बसणे शक्यच नव्हते. पुढील प्रत्येक पायरी हे अनावश्यक हात कमी करण्यासाठी आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

हाताशी काय असावे

साधने फार महाग नाहीत. माल वाहण्यासाठी दोन हलक्या चार चाकी ट्रॉल्या, पोत्यांसाठी एक दोन चाकी ढकलगाडी, जमिनीपासून माल उंच ठेवण्यासाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकचे पॅलेट, पाते थोडेच बाहेर येणारे कटर, पक्क्या पायांचे स्टूल, जाड मार्कर, किमतीच्या पट्ट्या, बारकोड स्कॅनर आणि एक जाड वही एवढे पुरते. घरातली शिडी आणू नये. अरुंद वाटेत ती टेकवायला भिंत सापडत नाही.

कागदपत्रांपैकी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना दर्शनी भागात लावलेला असावा, जीएसटीचे नोंदणीपत्र असावे आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) विभागाकडून दर वर्षी होणारी पडताळणी मुदतीत केलेली असावी. डाळ किंवा साखर सुटी आणून स्वतः पाकिटे बांधून ठेवणार असाल, तर त्यावर आपले नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि पॅकर म्हणून वेगळी नोंदणीही करावी लागते. बरेच नवे दुकानदार ही गोष्ट तपासनीस दारात आल्यावरच शिकतात. याखेरीज प्रत्येक वितरकाची एक फाइल करावी आणि त्यात मुदत संपलेला किंवा फुटलेला माल तो किती दिवसांच्या आत परत घेतो हे त्याच्याकडून लेखी घेऊन लावावे. तोंडी आश्वासन देणारा सेल्समन वर्षभरात बदलतो.

१. पहिले आठ दिवस फक्त रिकाम्या जागा लिहा

रॅक हलवण्याआधी किंवा नवा माल मागवण्याआधी आठवडाभर रोज दोनदा, सकाळी अकराला आणि सायंकाळी सातला, दुकानात एक फेरी मारावी आणि रिकामी दिसलेली प्रत्येक जागा वहीत लिहावी. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करावी. वस्तू दुकानातच नसेल तर "नाही", गोदामात असूनही फळीवर आली नसेल तर "आत", आणि फळीवरच पण भलत्या ठिकाणी किंवा दुसऱ्या मालामागे दडलेली असेल तर "लपली".

तिन्हींचे औषध वेगळे आहे. "नाही" हा मागणीचा दोष, "आत" हा भरण्याचा आणि "लपली" हा मांडणीचा. आमच्या वहीत निम्म्याहून अधिक नोंदी "आत" निघाल्या, म्हणजे त्या मालाचे पैसे आम्ही चुकते केले होते, तो छपराखाली आला होता आणि तरीही विकला जात नव्हता. ही वही न लिहिता सरसकट जास्त माल मागवणे ही नवख्यांची पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे, कारण जास्त मालाने गोदाम आणखी भरते आणि गच्च गोदामातून हवे ते खोके काढणे आणखी अवघड होते.

२. खोक्याच्या हिशेबाने फळीवर जागा द्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. नवखा दुकानदार डोळ्यांना बरे दिसेल अशा बेताने जागा वाटतो. जागा खोक्यातील नगांवरून ठरवायला हवी. समजा, एखाद्या चहाच्या खोक्यात २४ पुडे येतात आणि फळीवर त्याला १८ पुड्यांची जागा दिली आहे. जागा पूर्ण रिकामी झाली तरी खोके फोडल्यावर ६ पुडे हातात उरतात. ते ६ पुडे असलेले उघडे खोके गोदामात परत जाते, दुसऱ्या खोक्यांवर ठेवले जाते आणि पुढच्या वेळी कोणीतरी तेच विसरून नवे खोके फोडतो. महिन्याभरात गोदामात एकाच मालाची तीन अर्धी खोकी दिसू लागली, तर भरणाऱ्या मुलावर रागावू नये. जागेचा हिशेब चुकलेला आहे.

म्हणून चांगल्या खपाच्या मालाला किमान दीड खोके मावेल एवढी जागा द्यावी, म्हणजे २४ च्या खोक्याला ३६ पुड्यांची. फळीवर १२ पुडे उरले की एक पूर्ण खोके फोडता येते, ते पूर्ण रिते होते आणि गोदामात परत काहीही जात नाही. शिवाय भरायला थोडा उशीर झाला तरी फळी ओस पडत नाही.

एवढी जागा आणायची कोठून, हा प्रश्न येतोच. ती मंद खपाच्या प्रकारांकडून काढून घ्यावी लागते. आमच्याकडे एकाच कंपनीच्या शांपूचे सगळे आकार आणि सगळे सुगंध मांडलेले होते आणि त्यांपैकी मोजकेच हलत होते. सेल्समन "पूर्ण रेंज ठेवा, डिस्प्लेचे पैसे मिळतील" असे सांगतो; त्या रकमेपेक्षा अडलेली जागा बहुधा महाग पडते. ज्या वस्तूचे खोके ४८ नगांचे आहे आणि महिन्याला जेमतेम ५ नग जातात, ती घाऊक दुकानातून सुटी ५-१० नग आणावी किंवा बंद करावी. गिऱ्हाईक ठरावीक वार धरून ती न्यायला येत असेल, तर मात्र ती ठेवावी, कारण मधुमेहींची बिस्किटे किंवा तान्ह्या बाळाची पावडर यांच्यामागे सगळ्या घराचा किराणा येतो.

जड माल खालच्या फळीवर, नेहमीच्या खपाचा माल कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आणि हलका, कमी खपाचा माल वर, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तांदळाच्या मोठ्या पिशव्यांबाबत एक वेगळी सूचना आहे. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि त्यानंतर बाजारात २६ किलोच्या पिशव्या आल्या. या पिशव्या रॅकवर चढवण्याच्या भानगडीत पडू नये. बिलाच्या टेबलाजवळ, दाराच्या बाजूला, जमिनीपासून थोड्या उंच पॅलेटवर त्या थेट टेम्पोतून उतरवाव्यात, म्हणजे गोदामाची एक फेरी पूर्णपणे वाचते आणि गिऱ्हाइकालाही पिशवी दुकानभर ओढावी लागत नाही.

३. गोदामाला पत्ते द्या

गोदामातील प्रत्येक रॅकला अक्षर आणि प्रत्येक कप्प्याला आकडा द्यावा, "क-३" असा पत्ता खडूने नव्हे तर रंगाने लिहावा आणि तोच पत्ता दुकानातील किमतीच्या पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावा. मग नवा मुलगाही साबणाची रिकामी जागा पाहून पट्टी वाचतो आणि थेट त्या कप्प्याकडे जातो. गोदामातील क्रम दुकानातील रॅकच्या क्रमाशी जुळवला, तर ट्रॉली भरण्याचा क्रमही आपोआप लागतो. खोक्याच्या बाहेरच्या बाजूवर मार्करने मुदत संपण्याचा महिना ठळक लिहावा आणि ती बाजू वाटेकडे ठेवावी.

थप्पी भिंतीला चिकटवू नये. वीतभर अंतर सोडले की पावसाळ्यात भिंतीची ओल मालाला लागत नाही आणि उंदराच्या लेंड्या दिसतात. अगरबत्ती, साबण आणि धुण्याची पावडर यांच्या शेजारी चहा, तांदूळ किंवा रवा ठेवू नये. चहाला उदबत्तीचा वास लागल्याची तक्रार आम्हाला एका आजींनी पुडा परत आणून ऐकवली होती आणि तो पुडा फोडून पाहिल्यावर आम्हाला मान खाली घालावी लागली. जुन्या पोत्यात सोंडे किंवा टोके झाले असतील तर ते पोते त्याच दिवशी गोदामाबाहेर काढावे. "ऊन दाखवून बघू" म्हणून कोपऱ्यात ठेवलेले पोते शेजारच्या चार पोत्यांना कीड लावते.

४. माल उतरवून घेताना घाई करू नका

वितरकांचे टेम्पो सायंकाळी सहाला, गिऱ्हाइकांच्या गर्दीतच येतात, असा सर्वांचा अनुभव आहे. त्यांना दुपारी दोन ते चार ही वेळ ठरवून द्यावी. सुरुवातीला ते ऐकत नाहीत, पण दोन-तीनदा "आता मोजणारा माणूस नाही, बाजूला थांबावे लागेल" असे शांतपणे सांगितले की वेळ पाळली जाते. आम्ही आणखी एक केले: जास्त खपाच्या मालाचे वार वाटून घेतले, त्यामुळे एका दिवशी तीन टेम्पो येऊन ओट्यावर ढीग पडणे थांबले.

उतरवताना बिलावरील नग आणि प्रत्यक्ष नग, बिलावरील कमाल किंमत आणि पुड्यावरील किंमत, मुदत आणि स्कीमचे मोफत नग या चार गोष्टी ताडून पाहाव्यात. माल कमी किंवा फुटका निघाला तर बिलाच्या दोन्ही प्रतींवर तसे लिहून डिलिव्हरीच्या माणसाची सही घ्यावी आणि मगच आपली सही द्यावी. कोऱ्या सहीनंतर फोनवर केलेल्या तक्रारीची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वजा केल्याची वितरकाची चिठ्ठी, क्वचितच मिळते. नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारातून किंवा अन्य ठिकाणाहून स्वतः माल आणत असाल, तर मालाची किंमत महाराष्ट्राबाहेरून आणताना ५० हजार आणि राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांच्या वर गेल्यास ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचे बिल) लागते, हे गाडी भरण्यापूर्वीच पाहावे.

मोजून झालेला माल सरळ गोदामात नेऊ नये. ओट्यावरच त्याचे दोन भाग करावेत. ज्याची फळी आत्ता रिकामी आहे ते खोके ट्रॉलीवर चढवून थेट दुकानात न्यावे आणि उरलेलेच गोदामात पाठवावे. या एका सवयीने आमच्याकडील हमालीचा ताण जेवढा कमी झाला, तेवढा दुसऱ्या कशानेही झाला नाही. एक अट मात्र पाळावी: गोदामात त्याच मालाचा आधीच्या मुदतीचा साठा असेल, तर दुकानात तो न्यावा आणि नवे खोके गोदामात ठेवावे.

५. भरण्याची फेरी

दुकान उघडण्यापूर्वीचा एक तास आणि दुपारी तीनच्या सुमाराची मंद वेळ या दोन फेऱ्या पक्क्या ठेवाव्यात. सायंकाळी फक्त दूध, ब्रेड, अंडी आणि वेफर्स यांची छोटी भर घालावी. फेरीचा क्रम असा असावा.

पहिल्यांदा रिकाम्या हाताने फिरून यादी करावी. ट्रॉली घेऊन अंदाजाने निघणारा माणूस चार वेळा गोदामात जातो. यादीप्रमाणे ट्रॉली भरताना जड माल खाली आणि जो रॅक शेवटी येणार त्याचा माल आधी चढवावा, म्हणजे पहिल्या रॅकचा माल वर हाताशी येतो. खोके कापताना पाते झाकणाच्या कडेने उथळ फिरवावे, कारण मधोमध खोल कापल्यास वरच्या थरातील पुडे चिरले जातात आणि पिठाचा चिरलेला पुडा दुपारपर्यंत लक्षात येत नाही. फळीवर जुना माल आधी पुढे ओढावा, नवा मागे ठेवावा. पुढची रिकामी जागा नव्या मालाने भरून टाकणे ही घाईतील सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिचे फळ चार महिन्यांनी मागच्या रांगेत, तारीख उलटलेल्या रूपात सापडते. कोणता माल आधी आला यापेक्षा कोणाची मुदत आधी संपते हे पाहावे, कारण वितरक कधीकधी नंतरच्या बिलात आधीच्या मुदतीचा माल पाठवतो.

दूध, दही, पनीर आणि लोणी मात्र यादीच्या शेवटी, वेगळ्या फेरीत आणि सरळ फ्रिजमध्ये जावे. ट्रॉलीवर ते इतर मालाबरोबर अर्धा तास फिरवू नये.

६. किती मागवायचे, याचा साधा हिशेब

सेल्समनच्या आग्रहावर किंवा स्वतःच्या आठवणीवर मागणी सोडू नये. रोजचा सरासरी खप घ्यावा, त्याला पुढचा माल हाती येईपर्यंतच्या दिवसांनी गुणावे आणि दोन-तीन दिवसांचा जादा साठा मिळवावा. एखादे बिस्किट रोज ६ पुडे जात असेल, सेल्समन आठवड्याने येत असेल आणि त्यानंतर दोन दिवसांनी माल पोहोचत असेल, तर ९ दिवसांचे ५४ आणि जादा तीन दिवसांचे १८ मिळून ७२ पुडे होतात. सेल्समन येण्याच्या दिवशी फळी आणि गोदाम मिळून ७२ पेक्षा जेवढे कमी असतील तेवढे, पूर्ण खोक्यांत बसवून, मागवावेत. खोके २४ चे असल्यास गोदामात तीन खोक्यांहून जास्त माल असण्याचे कारण उरत नाही.

संगणकातील साठ्याच्या आकड्यांवर विश्वास बसेपर्यंत कार्डाची जुनी रीत वापरावी. गोदामातील शेवटून दुसऱ्या खोक्यावर एक रंगीत पुठ्ठा ठेवावा आणि ते खोके उचलणाऱ्याने तो पुठ्ठा मालकाच्या टेबलावरील खिळ्याला लावावा. सायंकाळी खिळ्यावरचे पुठ्ठे हीच मागणीची यादी होते. जपानमधील टोयोटा कारखान्याची कार्डांची प्रसिद्ध पद्धत तिथले अभियंते ताइइची ओनो यांना अमेरिकी सुपरमार्केटांच्या फळ्या भरण्याच्या रीतीवरून सुचली होती, त्यामुळे किराणा दुकानात ती परकी वाटत नाही. स्कीमच्या मोहात "दहावर एक फुकट" म्हणून तीन महिन्यांचा माल उचलण्यापूर्वी त्या खोक्यांना गोदामात कोणाची जागा द्यावी लागेल, हे आधी पाहावे.

७. संगणकातील साठा खोटा का पडतो

संगणक ९ नग दाखवतो आणि फळीवर एकही नसतो, तेव्हा चोरीचा संशय घेण्याआधी तीन कारणे तपासावीत. पहिले कारण बिलाच्या टेबलावर असते. गिऱ्हाइकाने पाच वेगवेगळ्या चवींची नूडल्स आणली आणि किंमत एकच असल्यामुळे मुलाने एकाच पाकिटावर पाचदा स्कॅन केले, की एका चवीचा साठा खोटा कमी होतो आणि चारांचा खोटा वाढतो. दुसरे कारण स्कीमचे मोफत नग, जे आवक करताना नोंदवले गेले नाहीत. तिसरे, फुटलेला माल बाजूला काढला पण साठ्यातून वजा केला नाही.

किमतीचा घोळ याहून वेगळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट अशा अनेक वस्तूंवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एकाच बारकोडचे जुन्या आणि नव्या किमतीचे नग शेजारी शेजारी आले आणि बिलाच्या टेबलावर रोज वाद होऊ लागले. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक किमतीची वेगळी आवक करावी, दोन किमतींचे नग एकाच रांगेत मिसळू नयेत आणि छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त लागणार नाही याची खात्री करावी.

वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळा माल मोजण्यापेक्षा रोज दहा वस्तू मोजाव्यात. खपाच्या वस्तू महिन्यातून एकदा आणि मंद वस्तू तीन महिन्यांतून एकदा मोजल्या गेल्या की पुरे.

८. मुदत, परतावा आणि सण

महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुढील दोन महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी करावी. तो डोळ्यांच्या उंचीवर आणून सवलतीत काढावा किंवा वितरकाच्या मुदतीत परत करावा. तारीख उलटलेला माल "विक्रीसाठी नाही" असे लिहिलेल्या वेगळ्या, बंद पेटीत ठेवावा. तो नुसता गोदामाच्या कोपऱ्यात पडलेला आढळला तर तो विक्रीसाठी नव्हता हे तपासनिसाला पटवणे कठीण जाते.

आपल्याकडे खपाची सरासरी वर्षभर सारखी राहत नाही. श्रावणात साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे यांना नेहमीच्या दुप्पट जागा लागते, उन्हाळ्यात वर्षभराचे धान्य आणि मसाल्याचे जिन्नस पोत्यांनी जातात, आणि प्रत्येक महिन्याच्या एक ते दहा तारखांत पगारदारांची मोठी यादी निघते. आठवडी बाजाराच्या दिवशी भरण्याची दुपारची फेरी बाराच्या आत उरकावी, कारण नंतर ट्रॉली वाटेत उभी करायलाही जागा मिळत नाही. दिवाळीचा माल मात्र वेगळा धरावा. रवा, मैदा, बेसन, तेल यांचा जादा साठा सणानंतरही खपतो. उटणे, सुगंधी तेल, भेटीचे डबे आणि पणत्या यांचा खपत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारचा माल गोदामात ठेवूच नये, दाराजवळच्या एका टेबलावर सगळा मांडावा आणि टेबल अर्धे झाले तरच पुन्हा मागवावा. आमचा वितरक उरलेले उटणे भाऊबीजेनंतर आठ दिवसांतच परत घेतो, तेव्हा ते मोजून, बिलाची प्रत जोडून आणि खोक्याला दोरी बांधून आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच ओट्यावर ठेवतो.